घटस्फोट घेताना मुलांना सावरण्याचा क्रम: सांगण्याच्या आधीपासून दोन घरांची घडी बसेपर्यंत

घटस्फोटाचा निर्णय पक्का झाला की बहुतेक आईवडील एकाच प्रश्नाने धास्तावलेले असतात: मुलांना हे सांगायचे कसे? मग एके दिवशी, बहुधा भांडणाच्या भरात किंवा एकजण सामान बांधत असताना, ते घाईघाईने सांगून टाकले जाते. मूल रडते किंवा अजिबात रडत नाही, आणि अवघड भाग उरकला असे समजून मोठी माणसे वकील, घर आणि पैसे यांच्या मागे लागतात. बहुतेक चुका या क्रमामुळे होतात. सांगण्याआधी जे ठरायला हवे होते ते ठरलेले नसते, आणि सांगितल्यानंतर जे रोज करत राहायला हवे ते करायला कुणाला सवड नसते.

पॉल अमॅटो आणि ब्रूस कीथ या संशोधकांनी १९९१ साली ९२ अभ्यास एकत्र करून तेरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. घटस्फोटित आईवडिलांच्या मुलांत आणि इतर मुलांत फरक आढळले, पण ते सरासरीने मोठे नव्हते, आणि त्या फरकांच्या संभाव्य कारणांपैकी सर्वांत भक्कम आधार मिळाला तो आईवडिलांमधील संघर्षाला. म्हणून पुढील टप्प्यांपैकी अनेक टप्पे मुलाशी कसे बोलावे यापेक्षा मोठ्यांनी एकमेकांशी कसे वागावे याविषयी आहेत. ते भाग गाळून फक्त मुलाशी बोलण्याचा भाग वाचला, तर या लेखाचा उपयोग होणार नाही.

सावधान: घरात मारहाण, धमक्या किंवा मुलाला धोका असेल, तर दोघांनी एकत्र बसून ठरवणे आणि एकत्र सांगणे हे टप्पे तुमच्यासाठी नाहीत. अशा वेळी आधी स्वतःची आणि मुलाची सुरक्षितता पाहावी, कायदेशीर संरक्षण आणि जाणकार व्यक्तीची मदत घ्यावी, आणि मुलाला सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावरच सांगावे. निघण्याचा बेत लहान मुलाच्या कानावर आधी घालू नये, कारण ते गुपित सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे अन्यायाचे असते आणि धोक्याचेही.

## टप्पा १: मुलांशी बोलण्याआधी दोघांनी ठरवायच्या गोष्टी

मुले घरात नसताना बसा आणि ठरेल ते कागदावर लिहा. घर कोण सोडणार, कोणत्या तारखेला आणि कुठे जाणार. शाळेच्या दिवसांत मूल कुठे झोपणार. शाळा तीच राहणार की बदलणार. पहिल्या दोन आठवड्यांत दुसऱ्या पालकाची भेट नेमकी कोणत्या दिवशी, किती वाजता होणार. रोजचा फोन कोणत्या वेळी. पाळीव प्राणी कुणाकडे. आजीआजोबांकडे जाणे सुरू राहणार की नाही. कायमची व्यवस्था ठरायला पुढे कितीही महिने लागोत, पहिल्या दोन आठवड्यांची व्यवस्था मात्र सांगण्याआधीच ठरलेली हवी.

हा आग्रह एवढ्यासाठी की मुलाचे पहिले प्रश्न जवळजवळ नेहमी त्याच्या स्वतःच्या दिवसाविषयी असतात. सात वर्षांचे मूल सगळे ऐकून घेते आणि विचारते, "मग माझी सायकल कोणत्या घरी राहणार?" याला काही समजलेच नाही किंवा याला आपल्यापेक्षा सायकलची काळजी, असे मोठ्यांना वाटते. प्रत्यक्षात आपले जग मोडणार की टिकणार, हा एवढा मोठा प्रश्न त्याच्या हाताशी असलेल्या शब्दांत आलेला असतो. त्याला "बघू" असे उत्तर मिळाले, तर तेच त्याला रात्री झोपू देत नाही. "सायकल इथेच राहील, आणि तिकडे आलास की आपण शेजारच्या मैदानात चालवायला घेऊन जाऊ" असे उत्तर देता यावे, यासाठी हा टप्पा आहे.

याच बैठकीत कारणाचे एक वाक्य ठरवा. ते खरे असावे, दोघांनाही जसेच्या तसे म्हणता यावे आणि त्यात कुणावर ठपका नसावा. "आमची बऱ्याच गोष्टींवरून सतत भांडणे होतात, ती मिटवण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, पण जमले नाही, म्हणून आम्ही वेगळे राहायचे ठरवले आहे" एवढे पुरते. मूळ कारण विवाहबाह्य संबंध असेल तर त्याचा तपशील मुलाला देऊ नये. मोठ्या मुलाला ते आधीच कळलेले असेल, तर खोटे न बोलता "तो आम्हा दोघांमधला विषय आहे, आणि त्यावर तू कुणाची बाजू घ्यावीस अशी आमची अपेक्षा नाही" असे सांगावे. व्यसन किंवा मानसिक आजार हे कारण असेल आणि मुलाने त्याचे परिणाम पाहिलेले असतील, तर लपवण्यात अर्थ नाही. "बाबांना दारूचे व्यसन आहे, त्यासाठी त्यांना उपचारांची गरज आहे आणि ते बरे करणे तुझे काम नाही" असे साध्या शब्दांत सांगता येते.

तपासा: घर कोण सोडणार, कधी, पहिली भेट केव्हा आणि कारणाचे वाक्य काय, या चार प्रश्नांची उत्तरे दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहावीत आणि मग जुळवून पाहावीत. एक जरी उत्तर वेगळे निघाले, तरी अजून मुलांशी बोलण्याची वेळ आलेली नाही.

## टप्पा २: वेळ निवडणे

निर्णय दोलायमान असताना मुलांना काही सांगू नये. "कदाचित आम्ही वेगळे होऊ" हे वाक्य ऐकलेले मूल पुढचे कित्येक दिवस घरातला प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत राहते, आणि आपण शहाण्यासारखे वागलो तर हे टळेल असे मानून स्वतःवर पहारा ठेवू लागते.

निर्णय पक्का असेल, तर प्रत्यक्ष घर सोडण्याच्या आधी सहा वर्षांखालच्या मुलांना साधारण एक आठवडा आणि मोठ्या मुलांना दोन ते चार आठवडे मिळावेत. त्याहून आधी सांगितले तर लहान मुलाला तो काळ पेलत नाही, आणि त्याच दिवशी सांगितले तर धक्का आणि निरोप एकाच वेळी येतात. वेगवेगळ्या वयांची भावंडे असतील तर सर्वांत धाकट्याला झेपेल ते अंतर धरू नये, मधले अंतर धरावे. मोठ्याला आधी सांगून "धाकट्याला सांगू नकोस" असे बजावणे ही फार वारंवार होणारी चूक आहे.

सुट्टीचा सकाळचा वेळ उत्तम, कारण त्यानंतर पूर्ण दिवस तुम्ही मुलांजवळ असता. परीक्षेच्या आदल्या दिवशी, वाढदिवसाच्या आठवड्यात, झोपण्यापूर्वी किंवा शाळेला निघण्यापूर्वी सांगू नये. जागा घरचीच असावी, जिथे मूल मनमोकळे रडू शकेल आणि उठून आपल्या कोपऱ्यात जाऊ शकेल.

नातेवाइकांना कळवायचे असेल तर याच दिवशी, पण मुलांना सांगून झाल्यावर. चुलत किंवा मावस भावंडाकडून ही बातमी कळलेले मूल आईवडिलांवरचा विश्वास लवकर परत देत नाही.

## टप्पा ३: प्रत्यक्ष सांगणे

दोघांनी एकत्र बसून, सगळ्या भावंडांना एकाच वेळी सांगावे. बोलणे दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. त्यानंतरचे मुलाच्या डोक्यात जात नाही. क्रम असा ठेवा: काय घडणार आहे, त्यात मुलांचा दोष नाही, आईबाबांचे प्रेम राहणार आहे, काय बदलेल, काय तसेच राहील, आणि शेवटी मुलांचे प्रश्न. आठदहा वर्षांच्या मुलासाठी हे असे होईल:

"आम्हाला तुम्हा दोघांना एक महत्त्वाची आणि दुःखाची गोष्ट सांगायची आहे. आम्ही घटस्फोट घ्यायचे ठरवले आहे. म्हणजे यापुढे आम्ही नवराबायको म्हणून एका घरात राहणार नाही. आमची सतत भांडणे होतात, ती मिटवण्याचा आम्ही खूप प्रयत्न केला, पण जमले नाही. हे तुमच्या वागण्यामुळे, अभ्यासामुळे किंवा बोलण्यामुळे झालेले नाही, आणि तुम्ही काही केल्याने ते थांबणारही नाही. मी तुमची आई आहे आणि हे तुमचे बाबा आहेत, ते तसेच राहणार. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा दुसऱ्या घरी राहायला जातील. तुमची शाळा, मित्र आणि ही खोली हीच राहील. बुधवारी आणि शनिवारी तुम्ही बाबांकडे असाल."

"तुम्ही काही केल्याने ते थांबणारही नाही" हे वाक्य कठोर वाटते म्हणून अनेकजण गाळतात. माझ्या मते तेच सर्वांत आवश्यक आहे. दोष आपला नाही एवढेच ऐकलेले मूल, दुरुस्ती मात्र आपल्या हातात आहे असे मानू शकते. मग ते आजारी पडून दोघांना एकत्र आणू पाहते, किंवा दोघांमध्ये समेट घडवण्याचे काम अंगावर घेते.

काही वाक्ये सदिच्छेने बोलली जातात आणि त्रास देतात. "आमचे एकमेकांवरचे प्रेम संपले" या वाक्यातून मूल एवढेच उचलते की प्रेम संपू शकते, म्हणजे उद्या माझ्यावरचेही. "काहीच बदलणार नाही" हे पहिल्याच आठवड्यात खोटे ठरते. "आता तूच घरातला मोठा" या वाक्याने मूल एका क्षणात आपले बालपण बाजूला ठेवते. आणि "तुला कुणाकडे राहायचे आहे?" हा प्रश्न तर कधीच विचारू नये, त्याचे कोणतेही उत्तर दिले तरी मुलाने एका पालकाला नाकारलेले असते.

मत विचारणे मात्र वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बारावे कलम मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते आणि त्या मताला वय व समज पाहून महत्त्व द्यावे असे सांगते. "शनिवारी तुझा सराव असतो, मग बाबांकडे सकाळी जावेसे वाटेल की संध्याकाळी?" असा प्रश्न हे मत विचारणे झाले. मूल सुचवते, ठरवण्याचा भार मोठे वाहतात.

मूल गप्प बसले तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नका. काही मुले ऐकून थेट खेळायला निघून जातात, जाऊ द्यावे. त्याच दिवशी नंतर प्रत्येक भावंडाजवळ दोन्ही पालकांनी स्वतंत्रपणे थोडा वेळ बसावे, कारण भावासमोर न विचारलेले प्रश्न तेव्हा बाहेर येतात.

तपासा: दुसऱ्या दिवशी मुलाला सहज विचारा, "काल आम्ही जे सांगितले, ते तुला कसे समजले?" त्याच्या शब्दांतल्या उत्तरातून कोणता भाग गळला आणि कोणता भलताच समजला हे लगेच लक्षात येते.

## टप्पा ४: पहिले काही आठवडे

सांगून झाले की विषय बंद करण्याकडे मोठ्यांचा कल असतो, आणि मूल मात्र तोच प्रश्न आठवडाभर पुन्हा पुन्हा विचारते. त्याला नवीन माहिती नको असते. काल मिळालेले उत्तर आजही खरे आहे ना, हे ते पडताळून पाहत असते. म्हणून प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, न चिडता उत्तर द्यावे.

तीन वर्षांखालच्या मुलाला घटस्फोटाचा अर्थ कळत नाही, पण दिनक्रम मोडलेला कळतो. ते चिकटून राहते, रात्री उठते, किरकिर वाढते. त्याला समजावण्यापेक्षा झोपेची, जेवणाची आणि अंघोळीची वेळ व पद्धत दोन्ही घरी शक्य तितकी सारखी ठेवणे उपयोगाचे. दुसऱ्या पालकापासून फार दिवसांची ताटातूट या वयात टाळावी. भेट लहान असली तरी चालेल, पण वारंवार असावी.

तीन ते पाच वर्षांची मुले आपल्या मनातल्या विचाराने जगात गोष्टी घडतात असे मानतात. "मी खेळणी आवरली नाहीत, म्हणून बाबा गेले" असा निष्कर्ष ती काढतात आणि बहुधा तो कुणाला सांगत नाहीत. तेव्हा मुलाने विचारण्याची वाट न पाहता आपणच बोलावे: "काही मुलांना वाटते की त्यांच्या मस्तीमुळे आईबाबा वेगळे झाले. तसे नसते. ते मोठ्यांच्या भांडणामुळे होते." बिछाना ओला होणे, बोबडे बोलणे, अंगठा चोखणे असे मागे जाणे या वयात पुष्कळदा दिसते, त्यावर रागावू नये, लाजवू नये, काही आठवड्यांत ते ओसरू द्यावे. वेळेचा अंदाज नसल्यामुळे "शनिवारी" हा शब्द त्यांना पोकळ असतो. "तीन वेळा झोपून उठलास की बाबा येतील" हे कळते. भिंतीवर दोन रंगांची दिनदर्शिका लावून रोज रात्री एक खूण करायला दिली, तर वाट पाहणे त्यांच्या आवाक्यात येते.

सहा ते आठ वर्षांचे मूल उघड दुःख करते, घर सोडून गेलेल्या पालकासाठी झुरते आणि दोघे पुन्हा एकत्र येतील ही आशा घट्ट धरून ठेवते. ही आशा हसून उडवू नये आणि खोटी फुलवूही नये. "तुला आम्ही एकत्र यावे असे वाटते, हे मला समजते. पण तसे होणार नाही" ही दोन्ही वाक्ये एकापाठोपाठ म्हणावीत.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलात राग पुढे येतो. चूक कुणाची हे त्याला ठरवून हवे असते, आणि ते एका पालकाच्या बाजूने उभे राहून दुसऱ्याशी बोलणे टाकते. ज्याच्या बाजूने ते उभे राहिले त्याला त्या क्षणी आधार वाटतो आणि तो ते चालू देतो. हा आधार घेऊ नये. पोटदुखी, डोकेदुखीच्या तक्रारी या वयात वाढतात. त्या ढोंग समजू नयेत. डॉक्टरांना दाखवावे, आणि भेटीच्या किंवा भांडणाच्या दिवशीच दुखते का याची नोंद ठेवावी.

किशोरवयीन मुले बाहेरून बेफिकीर दिसतात. "मला काही फरक पडत नाही" हे त्यांचे वाक्य खरे मानून त्यांना मोकळे सोडणे ही या वयातली मुख्य चूक. समोरासमोर बसवून भावना विचारल्या तर ती बोलत नाहीत. गाडीत शेजारी बसल्यावर, चालताना किंवा भांडी घासताना बोलतात. त्यांचा मित्रांसाठीचा वेळ भेटीच्या वेळापत्रकात गिळला जाऊ नये. घरी यायची वेळ, अभ्यास, फोन यांचे नियम अपराधीपणापोटी सैल करू नयेत, कारण मर्यादा गेल्या की आपल्याकडे कुणाचे लक्ष नाही असा अर्थ ती काढतात.

कोणत्याही वयात, भावना दुरुस्त करण्याआधी तिला नाव द्यावे. "रडू नकोस, शनिवारी भेटशीलच" याऐवजी "तुला बाबांची खूप आठवण येते आहे" म्हणावे आणि थांबावे. मुलाला दुसरे वाक्य बोलायला जागा मिळते.

सावधान: तुम्ही मुलासमोर रडलात तर त्यात गैर काही नाही, पण ते तसेच अधांतरी सोडू नका. "मला वाईट वाटते आहे, पण मी ठीक होईन, आणि माझी काळजी घ्यायला मोठी माणसे आहेत" असे सांगा, आणि ती मोठी माणसे खरोखर शोधून ठेवा. मूल रात्री तुमची समजूत काढू लागले, तर भूमिका उलट झालेल्या असतात.

## टप्पा ५: दोन घरांची घडी बसवणे

मूल दुसऱ्या घरी पाहुणे म्हणून जात नाही. तिथे त्याचा दात घासायचा ब्रश, रात्रीचे कपडे, चार्जर, वह्या-पेन्सिली आणि स्वतःचा एखादा कप्पा असावा, जागा एका खोलीची असली तरी. जी वस्तू घेऊन ते झोपते ती मात्र नेहमी त्याच्याबरोबर फिरावी. ती "या घरची" किंवा "त्या घरची" नसते.

नियम सगळेच जुळवण्याच्या हट्टाने नवी भांडणे सुरू होतात. झोपेची वेळ, अभ्यास, पडद्यासमोरचा वेळ आणि औषधे यांवर एकमत करा, बाकीचे सोडून द्या. "तिकडे तसे असते, इकडे असे" हे मुलांना चांगले समजते.

आता हस्तांतराचा क्षण. तो दिसायला पाच मिनिटांचा असतो, पण आठवड्यातला सर्वांत नाजूक. मूल पाठीवर दप्तर घेऊन दारात उभे असते, बुटाचे बंद बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावते, आतल्या माणसाकडे आणि बाहेरच्या माणसाकडे आळीपाळीने पाहते. कुणाकडे पाहून हसले तर कुणाला वाईट वाटेल, याचा हिशोब त्या बंद बांधण्यात चाललेला असतो. म्हणून या वेळी पैशांचा, उशिराचा किंवा कोर्टाच्या तारखेचा विषय काढायचा नाही. नमस्कार, एखादा आवश्यक निरोप ("रात्री खोकला होता, औषध पिशवीत आहे") आणि निघणाऱ्या मुलाला "मजा कर" एवढेच. "मला तुझ्याशिवाय करमणार नाही" म्हटले की मूल तिथे आनंदी राहिल्याबद्दल स्वतःला दोषी मानते. दोघांना समोरासमोर शांत राहणे जमत नसेल, तर एकाने शाळेत सोडावे आणि दुसऱ्याने शाळेतून घ्यावे. त्यात दाराचा प्रसंगच येत नाही.

परत आलेले मूल पहिला तासभर चिडचिडे किंवा गप्प असते. "तिकडे याला काहीतरी शिकवून पाठवतात" असा अर्थ लगेच लावला जातो आणि भेटी कमी करण्याची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा ते एका घरातून मन काढून दुसऱ्या घरात घालत असते. त्या तासात प्रश्न नकोत, पाहुणे नकोत, अभ्यास नको. खाणे, अंघोळ, शांतपणा. तिकडचे सांगायचे असेल तर ते स्वतःहून सांगेल.

तपासा: महिन्यातून एकदा पाहा की मूल दुसऱ्या घरच्या गमती तुमच्यासमोर न कचरता सांगते का. तुमचा चेहरा पाहून ते मध्येच थांबत असेल, तर तुमच्या प्रतिक्रियेवर काम करायला हवे.

## टप्पा ६: मुलाला निरोप्या, हेर आणि पंच होऊ न देणे

"बाबांना सांग, फी भरायची राहिली आहे" हे वाक्य किरकोळ वाटते. पण निरोप ऐकून एका पालकाचा चेहरा बदलतो तेव्हा तो मुलासमोर बदलतो, आणि बातमी आणल्याचा त्रास त्यालाच होतो. सर्व व्यवहार लेखी संदेशाने, थेट मोठ्यांत करावा. एका संदेशात एकच विषय, त्यात जुने उणेदुणे नाही, आणि पाठवण्याआधी हा संदेश उद्या मुलाने वाचला तर चालेल का, हे स्वतःला विचारावे.

"तिकडे कोण कोण आले होते?" असे खोदून विचारणे म्हणजे हेरगिरी. आणि "तूच सांग, यात चूक कुणाची?" म्हणजे पंच नेमणे. मुलाच्या दृष्टीने तो स्वतः अर्धा आईचा आणि अर्धा बाबांचा असतो. एकाला वाईट ठरवले की त्याचा एक भाग वाईट ठरतो. हे बंधन आजीआजोबा, मामा, आत्या यांनाही लागू आहे. त्यांना आधीच स्पष्ट सांगावे की मुलासमोर दुसऱ्या पालकाविषयी बोलायचे नाही, आणि कुणी बोलले तर तिथल्या तिथे, मुलाच्या देखत थांबवावे.

## टप्पा ७: शाळेला कळवणे

वर्गशिक्षकांना दोघांपैकी एकाने, शक्यतो दोघांनी मिळून, थोडक्यात सांगावे: घरी बदल होतो आहे, मुलाला कोण घ्यायला येईल, दोघांनाही निकाल आणि सूचना कळवाव्यात. कारणे सांगू नयेत. वर्गात सहानुभूतीचा गाजावाजा होऊ नये, अशी विनंती करावी. मुलाला मात्र शिक्षकांना काय सांगितले आहे ते सांगून ठेवावे, आणि मित्रांनी विचारले तर म्हणायला एक वाक्य द्यावे: "माझे आईबाबा वेगळे राहतात, मी दोन्हीकडे असतो."

## टप्पा ८: दुसरा पालक साथ देत नसेल तर

तुमच्याविषयी तिकडे वाईट बोलले जाते असे मूल सांगते, तेव्हा उलट हल्ला करू नका आणि सफाईचे लांब भाषणही नको. "ते ऐकून तुला कसे वाटले?" हे आधी विचारा. मग एकच वाक्य: "ते खरे नाही, आणि मोठ्यांच्या या वादात तुला पडायची गरज नाही." दुसऱ्याचे घर तुमच्या हातात नाही, तुमच्या घरात मुलाला बाजू घ्यावी लागत नाही, एवढे तुम्ही करू शकता.

पालक ठरल्या वेळी येत नसेल किंवा येईनासाच झाला, तर त्याच्या वतीने सबबी रचू नका. खिडकीत वाट पाहणाऱ्या मुलाला "बाबा का आले नाहीत हे मला ठाऊक नाही. तुला वाईट वाटणे साहजिक आहे. पण त्याचे कारण तू नाहीस" असे सांगावे, आणि त्या संध्याकाळसाठी दुसरा बेत आधीपासून तयार ठेवावा. उलट बाजूने, पोटगी थकली म्हणून भेट रोखणे किंवा भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवणे, या दोन्हींत शिक्षा मुलाला होते. वर उल्लेखलेल्या बालहक्क करारातील नववे कलम, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क मुलाचा मानते.

नव्या जोडीदाराची ओळख करून देण्याची घाई करू नये. नाते स्थिर झाल्यावर, आधी मुलाला सांगून, थोड्या वेळाच्या भेटीपासून सुरुवात करावी, आणि "आता यांना आई म्हण" अशी सक्ती करू नये.

## टप्पा ९: बाहेरची मदत केव्हा घ्यावी

मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांच्या दीर्घकालीन अभ्यासांत घटस्फोटित कुटुंबांतील सुमारे २५ टक्के मुलांना गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी दिसल्या. इतर कुटुंबांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे बहुतेक मुले सावरतात, पण ज्यांना मदत लागते त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही. पहिले वर्ष सर्वांत खडतर जाते आणि साधारण दोन वर्षांत बहुतेकांची घडी बसते. त्या काळात चढउतार होणारच. पाहायचे ते एवढेच की त्रास हळूहळू कमी होतो आहे की वाढतो आहे.

झोप आणि भूक कित्येक आठवडे बिघडलेली राहणे, शाळेत जायला ठाम नकार, मित्रांना टाळणे, गुण अचानक घसरणे, सतत मारामारी, व्यसनाची सुरुवात, किंवा मागे गेलेले वागणे ओसरण्याऐवजी पक्के होणे, यांपैकी काही दिसले तर बालमानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशकाकडे जावे. मूल फार शहाणे, फार आज्ञाधारक झाले असेल आणि कधीच कुरकुर करत नसेल, तरी जावे. अशा मुलांकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते.

सावधान: मरण्याविषयी बोलणे, स्वतःला इजा करणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे हे दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तोवर मुलाला एकटे सोडू नका, आणि दुसऱ्या पालकाला लगेच कळवा, बोलणे बंद असले तरी.

समुपदेशकाकडे नेताना "तुझे काहीतरी बिघडले आहे म्हणून" असे मुलाला वाटू देऊ नका. "घरात मोठा बदल झाला आहे, त्याविषयी तुला मोकळेपणाने बोलता येईल असे एक माणूस आहे, आणि तू तिथे जे बोलशील ते आम्ही तुला विचारणार नाही" असे सांगा. मुलाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक आईबाबांना सांगतील, हेही याच वेळी सांगून टाका. बाहेर आल्यावर "काय काय बोललास?" असे न विचारण्याचा शब्द दोघांनीही पाळायचा आहे, आणि पहिल्या तीन-चार भेटींनंतर काही फरक दिसला नाही म्हणून लगेच थांबवायचे नाही.